पाठीवरचे चिन्ह : मान एकाचा, जबाबदारी साऱ्यांची

कोल्हापूर-हुपरी रस्त्यावरील गडमुडशिंगीतून एखाद्या रविवारी जुन्या बुलेट, येझदी आणि राजदूत गाड्यांचा ताफा जातो, तेव्हा रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला हेल्मेटमधील चेहरे दिसत नाहीत. त्याच्या लक्षात राहते ते जॅकेटच्या पाठीवरचे चिन्ह. ताफ्यातील एकाने दवाखान्यासमोर कर्कश हॉर्न वाजवला, तर बोल लागतो तो साऱ्या क्लबला. हेरिटेज मोटारसायकल क्लबांमध्ये चिन्ह कोणी, कुठे आणि कसे लावावे याविषयी जे संकेत पाळले जातात, त्यांचे मूळ याच वस्तुस्थितीत आहे.

कोल्हापूरकरांना ही बाब अपरिचित नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा किंवा प्रॅक्टिस क्लबचा संघ उतरतो, तेव्हा जर्सीच्या रंगातून संपूर्ण तालीम वा मंडळ ओळखले जाते. ती जर्सी बाजारातून विकत घेऊन कोणी मैदानात उतरत नाही. संघात निवड झाल्यावरच ती अंगावर चढते. क्लबच्या पॅचचेही तसेच आहे.

एक तुकडा की तीन?

पॅचची परंपरा अमेरिकेतील आहे. तेथे अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनची स्थापना १९२४ मध्ये झाली. कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी १९४७ च्या जुलैमध्ये झालेल्या गोंधळानंतर काही बंडखोर क्लबांची वेगळी ओळख निर्माण झाली. त्यांच्या पाठीवर तीन स्वतंत्र तुकडे असतात : वर क्लबचे नाव, मध्ये चिन्ह आणि खाली प्रदेशाचे नाव. खालचा तुकडा म्हणजे त्या भागावर सांगितलेला हक्क मानला जातो. त्यामुळे केवळ भटकंतीसाठी एकत्र येणारे क्लब सहसा एकसंध, एकाच तुकड्याचा पॅच वापरतात. भारतात तीन तुकड्यांना कायद्याने काही अर्थ नाही. मात्र परदेशात गाडी चालविण्यास जाणाऱ्याने असे जॅकेट घालण्यापूर्वी तेथील प्रघात समजून घेणे हिताचे ठरते.

आधी गाडीचे चिन्ह

हेरिटेज क्लबात पहिला मान गाडीच्या मूळ चिन्हाला असतो. जावा हे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून १९२९ मध्ये तयार झाले. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६० च्या दशकात जावा गाड्या बाहेर पडल्या आणि १९७० च्या दशकात त्यांची जागा येझदी या नावाने घेतली. या कारखान्यातील उत्पादन १९९६ मध्ये थांबले. म्हणून येझदीच्या टाकीवर जावाचे चिन्ह बसविणे जाणकारांना खटकते. त्याने गाडीचा इतिहासच खोटा ठरतो. क्लबचा स्टिकर टाकीवरील मूळ चिन्ह झाकणारा नसावा, हा संकेतही त्यातूनच आला आहे.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र विंटेज नोंदणी सुरू केली. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे व देखभाल अशा कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी नव्हे.

कायद्याची मर्यादा

काही गोष्टी क्लबच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार क्रमांकाच्या पाटीवर नाव, चित्र वा नक्षी चालत नाही. क्लबचे चिन्ह कितीही लहान असले तरी पाटीवर त्याला जागा नाही.

स्वातंत्र्यदिनाच्या फेरीत तिरंग्याबाबत विशेष दक्षता हवी. २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेनुसार राष्ट्रध्वज वाहनाच्या टपावर, बाजूंवर वा मागील भागावर पांघरता येत नाही, त्यावर अक्षरे लिहिता येत नाहीत आणि फाटका वा मळका ध्वज लावता येत नाही. एकाच काठीवर तिरंग्यासोबत भगवा किंवा क्लबचा ध्वज फडकविण्यासही मनाई आहे. मोटारीवर ध्वज लावण्याचा विशेषाधिकार ठरावीक पदाधिकाऱ्यांनाच आहे. राष्ट्रध्वजाच्या अवमानास १९७१ च्या कायद्यान्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव वा चित्र क्लबच्या चिन्हात घेण्याचा मोह कोल्हापुरात होणे स्वाभाविक आहे. तथापि बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या परिशिष्टात त्यांचा समावेश असून, व्यापार-व्यवसायासाठी त्यांचा वापर परवानगीविना करता येत नाही. क्लबच्या नावाने टी-शर्ट विकणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

बुलेटचे लष्कराशी जुने नाते आहे. म्हणून हिरवा रंग आवडणे वेगळे आणि लष्करी तुकडीचे मानचिन्ह लावून सैनिक असल्याचा भास निर्माण करणे वेगळे. दुसरी गोष्ट गुन्हा ठरते.

क्लबची शिस्त

बहुतेक क्लबांत नवख्याला लगेच पॅच मिळत नाही. काही फेऱ्या सोबत केल्यावर, वाटेत बंद पडलेल्या गाडीसाठी थांबण्याची त्याची तयारी दिसल्यावर तो दिला जातो. पाठीवर एकाच क्लबचे चिन्ह असावे. फेऱ्यांचे बिल्ले आणि इतर खुणा छातीवर लावाव्यात. दुसऱ्याचे जॅकेट मागून घालू नये. मद्यपान करायचे असेल तेथे ते घालून जाऊ नये. राजकीय सभेत वा मिरवणुकीत व्यक्तिशः जाणाऱ्याने ते घरी ठेवावे, कारण सदस्यांची मते निरनिराळी असतात आणि चिन्ह मात्र एक असते.

क्लब सोडणाऱ्याने पॅच परत करावा, हा शेवटचा आणि अनेकदा वादाला कारण ठरणारा नियम. पॅचसाठी पैसे भरले असल्याने तो आपलाच, असे सदस्याला वाटते. त्यामुळे तो परत करावा लागेल, ही बाब पॅच देतानाच लेखी स्वरूपात ठरवून घेतलेली बरी.