कोऱ्या रकान्यातले मतदार

१९ एप्रिल २०१६ रोजी न्यूयॉर्क राज्यात रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी झाली. डोनाल्ड ट्रम्प यांनी ती मोठ्या फरकाने जिंकली. पण इव्हांका आणि एरिक या त्यांच्या दोन अपत्यांना वडिलांना मत देता आले नाही. दोघे मतदार होते, पण रिपब्लिकन म्हणून नोंदलेले नव्हते. आधीच मतदार असलेल्याला पक्षाचा रकाना बदलून घ्यायची मुदत ९ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे मतदानाच्या सहा महिने आधीच, संपली होती. बातमी जगभर गमतीने वाचली गेली. त्याच दिवशी त्याच राज्यात आणखी लाखो मतदार त्याच कारणाने घरी बसले होते, त्यांची बातमी फार झाली नाही.

आपल्या वाचकाला यात पहिला अडथळा येतो तो ‘पक्षाचा रकाना’ या कल्पनेचाच. आपल्याकडे मतदारयादीत नाव, वय, घर क्रमांक असतो. मतदार कोणत्या पक्षाचा हे सरकार विचारत नाही. विचारले तर आपण भांडू. अमेरिकेतल्या सुमारे तीस राज्यांत मात्र मतदार म्हणून नाव नोंदवतानाच पक्ष लिहायची सोय असते आणि ती नोंद सरकारी दप्तरात राहते. कारण तिथे पक्षाचा उमेदवार पक्षाचे वरिष्ठ ठरवत नाहीत, मतदार ठरवतात, आणि ते मतदान सरकारी यंत्रणा घेते. आपल्याकडे ज्या जागी एबी फॉर्म आहे, त्या जागी तिथे एक अख्खी निवडणूक आहे. तीच प्रायमरी. (काँग्रेसने २०१४ साली लातूरसह काही मोजक्या मतदारसंघांत असा प्रयोग करून पाहिला होता, पण मतदानाचा हक्क पक्षाच्या मंडळींपुरता होता आणि प्रयोग तिथेच संपला.) ज्याने रकान्यात काही लिहिले नाही, त्याला न्यूयॉर्कच्या सरकारी तक्त्यांत ‘ब्लँक’ म्हणतात. कोरा. आपल्याकडे ‘अपक्ष’ हा शब्द उमेदवाराला लागतो. मतदाराला तो लावायची वेळ कधी आली नाही, म्हणून या लेखात मी ‘कोरा मतदार’ असेच म्हणणार आहे.

मी राज्यशास्त्र शिकलेलो नाही. नोकरीतून उरणाऱ्या वेळात अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाची जुनी निकालपत्रे वाचायचा नाद लागला, त्याला आता बारा-चौदा वर्षे झाली. या वाचनात एका प्रश्नाने मला धरून ठेवले: पक्ष हे कुणाचे खासगी घर आहे, की सार्वजनिक रस्त्यावरचा दरवाजा? दोन्ही उत्तरे त्या न्यायालयाने दिली आहेत. आणि दोन्ही उत्तरांत थरगुड मार्शल या एकाच माणसाचा हात आहे.

प्रायमरी जन्माला आली ती पक्षांच्या दादालोकांना वेसण घालायला. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी १९०३ साली तिचा कायदा करवून घेतला आणि १९०४ साली जनमतात तो मंजूर झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही पद्धत बहुतेक राज्यांत पसरली. पण निवडणूक सरकारी झाली की ‘पक्षाचा मतदार कोण’ हेही कायद्याला सांगावे लागते. विस्कॉन्सिनने सरळ सांगितले की मतदाराने पडद्याआड जाऊन कोणत्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचे ते ठरवावे, कुणी विचारू नये. इतर कितीतरी राज्यांनी आधी नाव नोंदवून घ्यायची पद्धत धरली. आणि दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळीच चाळण शोधली.

टेक्ससची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. त्या काळी टेक्ससमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाशिवाय दुसरा पक्ष नावापुरताच होता. जुलैत प्रायमरी जिंकली की नोव्हेंबरची निवडणूक उपचार. १९२३ साली राज्याच्या विधिमंडळाने कायदाच केला की डेमोक्रॅटिक प्रायमरीत कृष्णवर्णीयांना मत देता येणार नाही. एल पासो शहरातले डॉक्टर लॉरेन्स निक्सन १९२४ साली मतदान केंद्रावर गेले, त्यांना परत पाठवले गेले. ते न्यायालयात गेले आणि १९२७ साली एकमताने जिंकले. त्यावर टेक्ससने कायद्याचे शब्द बदलले: आता राज्य काही म्हणत नाही, पक्षाच्या कार्यकारी समितीने ठरवावे. समितीने ठरवले, फक्त गोरे. निक्सन पुन्हा लढले आणि २ मे १९३२ रोजी पुन्हा जिंकले, या वेळी पाच विरुद्ध चार मतांनी. त्यानंतर बावीसच दिवसांनी, २४ मे रोजी, पक्षाच्या राज्य अधिवेशनाने स्वतःचा ठराव केला: पक्षाचे सदस्य फक्त गोरे नागरिक. आता यात ना विधिमंडळ, ना कायदा. १९३५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव एकमताने मान्य केला. पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कुणाला घरात घ्यावे हा तिचा प्रश्न.

त्या १९३२ सालीच, चार महिन्यांनी, पुण्यात ‘प्रायमरी इलेक्शन’ हाच शब्द एका करारात लिहिला गेला. २४ सप्टेंबरचा येरवड्याचा पुणे करार आपण शाळेपासून वाचतो. त्यातले दुसरे कलम फार कमी लोकांनी नीट वाचलेले असते. राखीव जागेसाठी आधी फक्त दलित वर्गाच्या मतदारांनी मत द्यायचे, एका मतदाराला एक मत; पहिले चार उमेदवार पुढे जातील; आणि त्या चौघांतून एकाला त्या मतदारसंघातले सगळे सर्वसाधारण मतदार निवडतील. दहा वर्षांची मुदत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असल्याचा दावा मी करत नाही. पण शेजारी ठेवून वाचल्या की अंगावर येतात. कुंपण दोन्हीकडे आहे, पहिल्या फेरीत बाहेरच्यांना मज्जाव दोन्हीकडे आहे. टेक्ससमध्ये ते बलवानांनी दुबळ्यांना बाहेर ठेवायला घातले होते. पुण्यात दुबळ्यांना आपला माणूस आपण निवडता यावा म्हणून घातले गेले. आणि पुण्याचे कुंपण अपुरे पडले, कारण अंतिम फेरीत ते नव्हते. पहिल्या फेरीत दलित मतदारांनी सर्वांत वर ठेवलेला उमेदवार शेवटी सवर्ण मतांनी हरतो आणि तळचा निवडून येतो, ही बाबासाहेबांची तक्रार होती आणि ती त्यांनी पुन्हा पुन्हा मांडली. म्हणून ‘खुली प्रायमरी म्हणजे लोकशाही आणि बंद प्रायमरी म्हणजे मक्तेदारी’ असे सोपे समीकरण अमेरिकन लेखकांच्या पुस्तकांत दिसले की मी तिथे थबकतो.

टेक्ससची गोष्ट संपवतो. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांना १९४० च्या प्रायमरीत मतपत्रिका नाकारली गेली. त्यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांत थरगुड मार्शल होते, वय तिशीच्या पुढे नुकतेच सरकलेले. ३ एप्रिल १९४४ रोजी न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी १९३५ चा स्वतःचाच निकाल उलटवला. प्रायमरी हे राज्याच्या निवडणूक यंत्रणेचे अंग आहे, तिथे पक्ष खासगी घर राहत नाही. त्या जुलैत डॉ. निक्सन यांनी एल पासोत डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिले, वीस वर्षांनी. ह्यूस्टनजवळच्या फोर्ट बेंड काउंटीत मात्र १८८९ पासून ‘जेबर्ड’ नावाचा गोऱ्यांचा क्लब प्रायमरीच्याही आधी आपली वेगळी निवडणूक घेत असे. त्यात जिंकलेला पुढे जवळजवळ बिनविरोध निघे. तो बंद व्हायला १९५३ उजाडले.

आता कोऱ्या मतदाराकडे. न्यूयॉर्कचा कायदा असा होता: पुढच्या वर्षीच्या प्रायमरीत मत द्यायचे तर आदल्या नोव्हेंबरच्या निवडणुकीच्या किमान तीस दिवस आधी पक्ष नोंदवायचा. नोंदणीचा कागद एका कुलूपबंद पेटीत टाकला जाई आणि ती पेटी नोव्हेंबरची निवडणूक उरकल्यावरच उघडत. हेतू सांगितला जाई तो असा, की विरोधी पक्षाच्या लोकांनी आयत्या वेळी आत शिरून कच्चा उमेदवार निवडून देऊ नये. १९७१ च्या २ ऑक्टोबरची मुदत चुकलेल्या पेद्रो रोसारिओ आणि इतरांना १९७२ च्या प्रायमरीत मत नाकारले गेले. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा राखला. मुदत तुम्हीच चुकवलीत, असे बहुमताचे म्हणणे. मार्शल तोवर न्यायमूर्ती झाले होते. ते विरोधी चौघांत होते.

मग आले कनेक्टिकट. ऑक्टोबर १९८३ मध्ये त्या राज्यात ६ लाख ५९ हजार नोंदलेले डेमोक्रॅट होते, ४ लाख २५ हजार रिपब्लिकन आणि ५ लाख ३२ हजार कोरे. म्हणजे रिपब्लिकन पक्ष कोऱ्यांच्याही मागे, तिसऱ्या क्रमांकावर. त्या पक्षाने १९८४ साली आपला नियम बदलून कोऱ्या मतदारांना प्रमुख पदांच्या प्रायमरीत बोलावायचे ठरवले. राज्याचा १९५५ चा कायदा आडवा आला: प्रायमरी सदस्यांचीच. कायदा बदलायचा प्रयत्न आधी विधिमंडळात पडला, मग विधिमंडळात पास झाला तर डेमोक्रॅट गव्हर्नरने नकाराधिकार वापरला. कुणाचे हित कशात होते ते सांगायला नको. १९८६ साली न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी पक्षाच्या बाजूने निकाल दिला: कुणाला सोबत घ्यायचे हा पक्षाचा स्वातंत्र्याचा हक्क आहे, राज्याने त्यात पडू नये. निकालपत्र लिहिले मार्शल यांनी.

१९४४ साली पक्ष खासगी नाही असे म्हणणारा वकील १९८६ साली पक्षाला संघटनस्वातंत्र्य देतो, हे वरवर विसंगत दिसते. मला ते तसे वाटत नाही. तिन्ही प्रकरणांत मार्शल दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूला आहेत. तर्क बदलला, बाजू बदलली नाही. अडचण अशी की न्यायालयात बाजू मागे पडते आणि तर्क टिकतो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ साली सुमारे साठ टक्के मतांनी सर्वांसाठी एकच खुली मतपत्रिका मंजूर केली. मतदाराने एका पदासाठी या पक्षात आणि दुसऱ्या पदासाठी त्या पक्षात मत द्यावे. पक्ष न्यायालयात गेले आणि २००० साली सात विरुद्ध दोन मतांनी जिंकले. सोबत कुणाला घ्यायचे हा पक्षाचा हक्क, तर कुणाला न घ्यायचे हाही पक्षाचाच हक्क. ज्या तर्काने कनेक्टिकटचे दार उघडले त्यानेच कॅलिफोर्नियाचे बंद केले. मार्शल १९९३ सालीच वारले होते.

कॅलिफोर्नियाने मग २०१० साली दुसरी वाट काढली: सगळे उमेदवार एका यादीत, पहिले दोघे पुढे, पक्ष कोणताही असो. पण राष्ट्राध्यक्षपदाची प्रायमरी पक्षाचीच राहिली, आणि तिच्यामुळे २०१६ साली एक विलक्षण गोष्ट बाहेर आली. त्या राज्यात ‘अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी’ नावाचा पक्ष आहे, वर्णभेदवादी जॉर्ज वॉलेस यांच्या १९६८ च्या उमेदवारीसाठी निघालेला. त्याच्याकडे जवळपास पाच लाख मतदार नोंदलेले. लॉस एंजेलिस टाइम्सने त्यांच्यातल्या काहींना विचारून पाहिले, तर सुमारे तीन चतुर्थांश लोकांना आपण कोणत्या पक्षात आहोत याचा पत्ताच नव्हता. अर्जावर ‘इंडिपेंडंट’ शब्द दिसला, त्यांनी खूण केली. त्या खुणेमुळे डेमोक्रॅटिक प्रायमरीचे दार त्यांना बंद झाले. खरे कोरे असते तर ते उघडे होते.

गॅलपच्या पाहण्यांत स्वतःला स्वतंत्र म्हणवणारे अमेरिकन गेली काही वर्षे चाळीस टक्क्यांच्या वर आहेत. अभ्यासक सांगतात की त्यांतले बरेचसे मनाने या किंवा त्या पक्षाकडे झुकलेले असतात आणि मतही तसेच देतात. ते खरे असेल. पण त्यावरून ‘मग नोंदवावे की नाव’ असे जे सुचवले जाते ते मला पटत नाही. झुकणे वेगळे, सरकारी दप्तरात शिक्का मारून घेणे वेगळे. लहान गावात राहणाऱ्या, सरकारी ठेका घेणाऱ्या, दुकान चालवणाऱ्या माणसाला हा फरक कळतो, मग गाव ओहायोतले असो की उस्मानाबादकडचे.

नोंदणीच नसलेल्या राज्यात काय होते याचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. ‘ही श्रीची इच्छा’ या आत्मचरित्राचे लेखक, बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार, २०२२ साली मिशिगनमधून अमेरिकन संसदेत गेले. मिशिगनमध्ये मतदाराचा पक्ष नोंदवतच नाहीत. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने असतात, मतदाराने त्यांतल्या एकातच खुणा करायच्या. डेट्रॉइट परिसरातल्या त्या मतदारसंघात डेमोक्रॅटिक प्रायमरीला नऊ उमेदवार होते. ठाणेदार सुमारे २८ टक्के मतांवर जिंकले. नोव्हेंबरात त्यांना सत्तर टक्क्यांहून अधिक मते पडली. म्हणजे जागा ठरली ती ऑगस्टमध्येच, आणि ज्यांनी ती ठरवली त्यांना कुणी पक्ष विचारला नव्हता. तसेच, नोव्हेंबरातल्या बहुमताने आपला माणूस निवडला असेही म्हणता येत नाही. दार सताड उघडे ठेवूनही हा प्रश्न उरतोच.

न्यूयॉर्कने २०१९ साली कायदा बदलला. पक्ष बदलायची मुदत आता १४ फेब्रुवारीपर्यंत आली आहे. २४ जून २०२५ रोजी न्यूयॉर्क शहरात महापौरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी झाली आणि झोहरान ममदानी ती जिंकले. फेब्रुवारीत त्या मतदारांपैकी बहुतेकांनी ममदानींचे नाव धड ऐकलेले नव्हते. शहरातले दहा लाखांच्या आसपास कोरे मतदार या प्रायमरीच्या बाहेर होते. त्या वर्षी शहराची सनद तपासायला नेमलेल्या आयोगापुढे त्यांना आत घ्यायचा प्रस्ताव होता. जुलैत, प्रायमरी झाल्यावर काही आठवड्यांतच, आयोगाने तो मतदारांपुढे न ठेवायचे ठरवले.