औषध सुरू असताना ऊन सांभाळा!

उन्हाळा सुरू झाला की ‘भरपूर पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका’ असे सल्ले सर्वत्र ऐकू येऊ लागतात. निरोगी व्यक्तीसाठी ते पुरेसे असतात. परंतु रक्तदाब, हृदयविकार, संधिवात, मुरमे किंवा मानसिक आजार यांसाठी औषधे घेणाऱ्यांना याहून थोडी अधिक माहिती असणे आवश्यक आहे. काही औषधांमुळे त्वचा सूर्यप्रकाशाला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक संवेदनशील बनते, काही औषधे शरीराची स्वतःला थंड ठेवण्याची यंत्रणा मंदावतात, तर काही दोन्ही परिणाम करतात.

अशा वेळी चेहऱ्यावर, हातांवर पुरळ उठले की ‘औषध उष्ण पडले’ असा निष्कर्ष काढून गोळी परस्पर बंद केली जाते. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी अशी अचानक थांबवणे हे त्या पुरळापेक्षा कितीतरी धोकादायक ठरू शकते. बहुतेक वेळा औषध नव्हे, तर उन्हात वावरण्याची पद्धत बदलणे गरजेचे असते.

ऊन वेगळे, उष्मा वेगळा

सूर्यापासून येणारी उष्णता आणि अतिनील किरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. उष्णता अंगाला जाणवते. अतिनील किरण जाणवत नाहीत. मुंबईत मे महिन्यात सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो आणि त्याच वेळी अतिनील किरणांची तीव्रता सर्वाधिक असते. हवेचे तापमान मात्र त्यानंतर दीड-दोन तासांनी कमाल पातळी गाठते. त्यामुळे सकाळी साडेदहा-अकराचे ऊन सुसह्य वाटले तरी त्वचेच्या दृष्टीने ते कडकच असते.

सुटीत महाबळेश्वर किंवा माथेरानला जाणाऱ्यांचीही अशीच फसगत होते. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर उंचीवर अतिनील किरणांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी वाढते. हवा गार असली तरी तेथील दुपारचे ऊन त्वचेला अधिक भाजते.

हे किरण किती तीव्र आहेत हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे स्वतःची सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर उन्हापासून संरक्षण हवे. महाराष्ट्रात मे महिन्यात एक दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. हा ‘शून्य सावली दिवस’ पाहण्याची उत्सुकता अनेकांना असते. संवेदनशील त्वचा असलेल्यांनी तो सावलीत उभे राहूनच पाहावा!

त्वचेत नेमके काय घडते?

काही औषधांचे रेणू रक्तावाटे त्वचेत पोहोचतात आणि अतिनील किरणांची ऊर्जा शोषून घेतात. या ऊर्जेमुळे आसपासच्या पेशींना इजा होते. उन्हात गेल्यापासून काही तासांतच आग, लाली, सूज आणि क्वचित फोड येतात. औषधाचे प्रमाण आणि ऊन पुरेसे असेल तर हा त्रास कोणालाही होऊ शकतो.

दुसरा प्रकार अॅलर्जीचा. त्यात प्रकाशामुळे औषधाचे स्वरूप बदलते व शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याला शत्रू समजते. खाज आणि इसबासारखे चट्टे एक ते तीन दिवसांनी उठतात आणि ऊन न लागलेल्या भागावरही पसरू शकतात.

औषधांमुळे होणारा हा त्रास बहुतांशी ‘ए’ प्रकारच्या अतिनील किरणांमुळे होतो. हे किरण साध्या काचेतून आरपार येतात. खिडकीजवळ बसून काम करणाऱ्यांना किंवा मोटारीत खिडकीच्या बाजूने ऊन घेणाऱ्यांना म्हणूनच ‘आम्ही तर उन्हात गेलोच नाही’ असे म्हणून चालत नाही. मोटारीची पुढची काच हे किरण बऱ्याच अंशी अडवते. बाजूच्या काचांचा तसा भरवसा नसतो.

घामोळे की औषधाचा परिणाम?

घामोळे साधारणपणे कपड्यांखाली, घाम साचणाऱ्या जागी, म्हणजे पाठीवर, छातीवर, काखेत येते. औषध आणि उन्हाच्या संयोगाने होणारा त्रास याच्या उलट, उघड्या भागांवर दिसतो: कपाळ, नाक, गाल, गळ्याचा पुढचा भाग, हातांची मागची बाजू. हनुवटीखाली, कानामागे आणि घड्याळाच्या पट्ट्याखाली त्वचा स्वच्छ राहिली असेल, तर ती महत्त्वाची खूण समजावी.

सावळ्या त्वचेला ऊन बाधत नाही, हा समजही बरोबर नाही. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही एवढेच. आग आणि दुखरेपणा जाणवतो आणि नंतर काळपट डाग राहतात. अनेकदा हे डाग वांग समजून भलतेच मलम लावले जाते.

कोणती औषधे?

यादी मोठी आहे. नेहमीच्या वापरातील काही उदाहरणे अशी:

* डॉक्सिसायक्लीन: मुरमांसाठी तसेच अन्य जंतुसंसर्गासाठी दिले जाणारे प्रतिजैविक. या औषधामुळे क्वचित उन्हात नखे खालच्या त्वचेपासून सुटू लागतात. मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठीही ते देतात. ढगांमधूनही अतिनील किरण येत असल्याने काळजी तेव्हाही घ्यावी.
* सिप्रोफ्लॉक्सॅसिन व त्या गटातील काही प्रतिजैविके, गजकर्णासाठीचे ग्रिसिओफल्विन.
* हायड्रोक्लोरोथायझाइड: रक्तदाबावरील अनेक संयुक्त गोळ्यांमध्ये हा घटक असतो. दीर्घकालीन वापराचा त्वचेच्या काही कर्करोगांशी संबंध आढळल्याने २०१८ मध्ये युरोपीय औषध नियामकांनी आणि २०२० मध्ये अमेरिकी नियामकांनी सावधगिरीची सूचना जोडली. हा धोका अल्प आणि प्रामुख्याने गोऱ्या त्वचेच्या लोकांमध्ये दिसला आहे. तेवढ्यासाठी गोळी बंद करू नये.
* अमिओडॅरोन: हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी. हे औषध शरीरात दीर्घकाळ साठून राहते. त्यामुळे ते थांबवल्यावरही काही महिने काळजी घ्यावी लागते. काहींच्या चेहऱ्यावर निळसर-करडी छटा येते.
* नॅप्रोक्सेन, पायरॉक्सिकॅम यांसारखी वेदनाशामके आणि कीटोप्रोफेनचे मलम. हे मलम वापरताना आणि थांबवल्यावरही दोन आठवडे तो भाग उन्हापासून झाकावा.
* मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आणि ट्रेटिनॉइनसारखी मलमे. ही मलमे रात्री लावायची असतात.
* पिरफेनिडोन (फुफ्फुसांच्या विशिष्ट आजारासाठी) आणि क्लोरप्रोमाझिन (मानसिक आजारासाठी).

ही औषधे घेणाऱ्या प्रत्येकालाच त्रास होतो असे नाही. आपली गोळी या गटातली आहे किंवा नाही, हे वेष्टनावरील घटकांच्या नावांवरून आणि डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला विचारून समजू शकते.

शरीर थंड ठेवण्यात अडथळा

घाम येणे आणि त्वचेकडील रक्तपुरवठा वाढणे, या दोन मार्गांनी शरीर उष्णता बाहेर टाकते. लघवीचे प्रमाण वाढवणारी औषधे शरीरातील पाणी व क्षार कमी करतात. बीटा ब्लॉकर गटातील औषधे त्वचेकडील रक्तप्रवाह मर्यादित ठेवतात. कंपवातासाठीचे ट्रायहेक्सिफेनिडिल, वारंवार लघवीच्या तक्रारीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन, सर्दी-अॅलर्जीवरील काही जुनी औषधे यांमुळे घामच कमी येतो. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील पाणी कमी झाले तर रक्तातील औषधाचे प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरप्रोमाझिन यांसारखी औषधे तर त्वचा संवेदनशील करतात आणि उष्माघाताची शक्यताही वाढवतात. अशा रुग्णांना दोन्ही आघाड्यांवर सावध राहावे लागते. कमाल तापमान सखल भागात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश झाल्याखेरीज हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. औषधे घेणाऱ्या वृद्धांनी मात्र त्या घोषणेची वाट पाहू नये. मुंबई, ठाणे, रत्नागिरीच्या दमट हवेत घाम वाळत नाही. त्यामुळे पारा कमी असला तरी शरीर तापत राहते.

अंग झाकावे की मोकळे ठेवावे?

त्वचेसाठी अंग झाकायला हवे आणि गारव्यासाठी हवा लागायला हवी, असा हा पेच आहे. त्यातून मार्ग असा:

घट्ट विणीचे पण सैल शिवलेले, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे घालावेत. कापड उजेडासमोर धरून पाहावे; आरपार दिसत असेल तर ते किरणही फारसे अडवणार नाही. विरळ पांढरे सुती कापड भिजले की त्यातून अधिक किरण आत येतात. त्यामुळे ओला रुमाल किंवा दुपट्टा मानेभोवती ठेवायचा तो सावलीत. रुंद काठाची टोपी व गडद छत्री वापरावी.

पुण्यात दुचाकीवरून जाणाऱ्या मुली-महिलांचा स्कार्फ, सनकोट आणि लांब हातमोजे हा जामानिमा चेष्टेचा विषय झाला असला, तरी त्वचेच्या दृष्टीने तो शास्त्रशुद्ध आहे. मात्र गाडी थांबताच तो उतरवावा. घाम कमी आणणारे औषध सुरू असेल तर असा प्रवास सकाळी लवकर किंवा सायंकाळी करावा. झाकण्यापेक्षा वेळ बदलणे केव्हाही श्रेयस्कर!

घरात पूर्व-पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावावेत. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर आणि वाळ्याचे पडदे उत्तम काम करतात. कोकणच्या दमट हवेत त्यांचा उपयोग नाही. खोलीचे तापमान ४० अंशांच्या वर गेल्यास नुसता पंखा शरीराला उलट तापवतो. तेव्हा अंगावरून ओले फडके फिरवावे आणि जमल्यास गार जागी जावे.

सनस्क्रीन लावताना

बाटलीवरचा ‘एसपीएफ’ हा आकडा मुख्यतः ‘बी’ प्रकारच्या किरणांपासूनचे संरक्षण सांगतो. औषधांचा त्रास ‘ए’ किरणांमुळे होत असल्याने ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ असे लिहिलेले, किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन घ्यावे. ‘पीए’ या अक्षरांपुढे अधिक चिन्हे जितकी जास्त, तितके ‘ए’ किरणांपासून संरक्षण अधिक. चेहरा व मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके मलम लागते. बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत. दर दोन तासांनी आणि घाम पुसल्यावर ते पुन्हा लावावे. काही सनस्क्रीनमधील रसायनांचीच प्रकाशात अॅलर्जी होऊ शकते. अशांना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन सोसते.

सरबत घ्या, पण विचारून

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते. त्यांनी उन्हाळ्यासाठी नवे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मिठाचे लिंबू सरबत, ताक आणि जलसंजीवनी रक्तदाबाच्या रुग्णाने बेताने, तर पन्हे आणि कोकम सरबत मधुमेहींनी साखरेचा विचार करून घ्यावे. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी ते रोज पिऊ नये.

लिंबू पिण्यासाठी उत्तम, त्वचेवर मात्र नको! लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड येऊन काळपट ओघळ उमटतात. कोडासाठी बावचीचे तेल स्वतःच्या मनाने लावून उन्हात बसणेही धोक्याचे आहे. बावचीतील सोरालेन हा घटक प्रकाशाने इतका तीव्र बनतो, की रुग्णालयांतही तो मोजून-मापूनच वापरला जातो.

त्रास झालाच तर

त्वचा भाजल्यासारखी झाल्यास सावलीत येऊन गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये, फोड फोडू नयेत. फोड मोठे असतील, ताप आला असेल किंवा चेहरा सुजला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

असंबद्ध बोलणे, गुंगी, झटके आणि तापलेले अंग ही उष्माघाताची लक्षणे आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत रुग्णाला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व औषधांची यादी, मलमे व काढ्यांसह, घेऊन डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: यातील कोणत्या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते? कोणत्या औषधाने घाम किंवा शरीरातील पाणी कमी होते? त्रास झाल्यास पर्यायी औषध किंवा वेगळी मात्रा आहे का? ऊन कायम टाळावे लागणार असेल, तर ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दलही विचारावे. गोळीची वेळ, मात्रा वा नाव बदलायचे ते डॉक्टरांनी. रुग्णाने बदलायची ती उन्हात बाहेर पडण्याची वेळ.