दहा शेर की सव्वानऊ किलो? टावर चौकाजवळच्या एका घरची किराणा वही

गेल्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी आमच्या आजीच्या हिशेबाच्या वह्यांवर एक टिपण वाचलं होतं. त्यात दोन आलेख होते. दुसरा आलेख १९६१ सालचा. जानेवारी ते मार्च किराण्याचा खर्च वर चढलेला, एप्रिलपासून पुन्हा खाली आलेला, आणि त्याच एप्रिलपासून तांदूळ, डाळ, साखर, तेल, सगळ्याचे आकडे कमी झालेले. मी लिहिलं होतं की भाववाढ झाली, पगार तोच राहिला, म्हणून घराने पोटाला चिमटा घेतला. वाचताना माझा आवाजही जरा हलला होता. नंतर चहाच्या वेळी दोघा-तिघांनी आपापल्या घरच्या ओढगस्तीच्या आठवणी सांगितल्या.

तो निष्कर्ष चुकीचा होता. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणी कमी जेवलं नाही. चूक माझी आहे, आजीची नाही, आणि ती कशी झाली हे सांगण्यासारखं आहे.

आधी ठिकाण. टावर चौक म्हणजे फ्रीगंजचा मध्य. उज्जैनचं जुनं गाव क्षिप्रेच्या बाजूला, गोपाळ मंदिराभोवती. रेल्वेचे रूळ ओलांडून पूर्वेला आलं की फ्रीगंज, सरळ रस्त्यांचा, मोजून आखलेला. शिंदेशाहीमुळे मराठी माणूस या शहरात आला आणि १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेल्यावरही बराचसा इथेच राहिला. पुढच्या पिढ्या नोकरदार झाल्या: शाळा, कचेऱ्या, रेल्वे, गिरण्या. आमचे आजोबा शाळामास्तर. पहिल्या तारखेला पगार, दुसऱ्या तारखेला आजीची यादी खिशात घालून आजोबा टावरजवळच्या दुकानात. आज त्या चौकात संध्याकाळी चाटच्या गाड्यांसमोर इतकी गर्दी असते की वर घड्याळ आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. आजोबा मात्र त्या घड्याळावर मनगटावरचं घड्याळ लावूनच दुकानाची पायरी चढत.

मालव्यातल्या मराठी घराची ही महिन्याची यादी म्हणजे निम्माच हिशेब. गहू तिच्यात नसे. गहू चैत्र-वैशाखात, पीक घरी आलं की वर्षाचा एकदम भरायचा, डाळींना एरंडेल चोळायचं, कोठीत कडुलिंबाचा पाला घालायचा. त्या एका खरेदीसाठी अकरा महिने काहीतरी बाजूला ठेवावं लागे. आजीने त्यासाठी वहीत वेगळं पान ठेवलं होतं, वर फक्त ‘कोठी’ असं लिहिलेलं. पावणेरावळे, महालक्ष्म्या, दिवाळी यांचं पान निराळं. सिंहस्थात उज्जैनकराच्या घरी किती माणसं उतरतात हे आपल्याला सांगायला नको. त्या वर्षी कोणतंच पान टिकत नसे. उरलेली ती महिन्याची यादी, आणि आजीचा कटाक्ष असा की यादी ठरल्या रकमेच्या वर जाता कामा नये.

वहीत यादी अशी आहे: तांदूळ १०, तुरीची डाळ ५, साखर ६, गूळ २, गोडं तेल ५, हरभऱ्याची डाळ २. बेरीज ३०. समोर रक्कम. एकक कुठेच लिहिलेलं नाही. तिला लिहायची गरजच नव्हती, ते शेर आहेत हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. साठ वर्षांनी ते आकडे संगणकाच्या तक्त्यात भरणाऱ्या नातवाला मात्र गरज होती.

आता थोडं वजनमापाकडे जाऊ. माझा मूळ पेशा इंजिनिअरचा, तेव्हा हा भाग जरा लांबेल.

इंग्रजी अमलातला प्रमाण शेर म्हणजे ८० तोळे. तोळा म्हणजे १८० ग्रेन, आणि चांदीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. म्हणजे ८० कलदार रुपये पारड्यात टाकले की शेर झाला. नाणं आणि वजन एकाच मुळातून आलेलं. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, शेराचे १६ छटाक, मणाचे ४० शेर. सगळी मोजणी चतकोराने, निमपटीने. म्हणून पाव, अर्धा, पाऊण लिहायला एकाच खुणा चालत: एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपया असो की शेर, खूण तीच. आजीच्या वह्यांत या रेघा शेवटपर्यंत आहेत.

त्यातून आजीचं माहेर वाईकडचं. तिकडे धान्य वजनावर नाही, मापावर. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. तिकडचा शेर भांड्याने मोजायचा, इथला काट्यावर. लग्न होऊन उज्जैनला आलेल्या मुलीला शेर हा शब्द तोच राहून अर्थ बदलल्याचा अनुभव एकदा आलेला होता. हे पुढे कामी येणार आहे. स्वयंपाकघरात तिने माहेरचं पितळी चिपटं-मापटं शेवटपर्यंत सोडलं नाही. तांदूळ विकत यायचा वजनाने आणि शिजायचा मापाने.

यानंतर पंधरा वर्षांत सगळंच बदललं. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात गेलं, १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य भारत मध्य प्रदेशात. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. १९५६ चा वजनमाप कायदा ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू होत गेला आणि एप्रिल १९६२ पासून देशभर किलोच सक्तीचा झाला. राज्यं बदलली त्याचा यादीवर काही परिणाम दिसत नाही. नाणं आणि वजन बदललं त्याचा मात्र दिसतो.

नाण्याचं आधी. आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वासहा पैसे देणार कसे? म्हणून अर्धा पैसा किंवा त्याहून कमी असेल तर सोडायचा, जास्त असेल तर पुरा धरायचा. त्यामुळे एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे बरोबर २५. दुकानांत हे तक्ते टांगलेले असत. एकूण रकमेवर एकदाच हा हिशेब लावला तर फार तर अर्ध्या नया पैशाचा इकडे-तिकडे फरक. पण एकेका जिनसेवर लावला तर? जुना एक पैसा म्हणजे १.५६ नये पैसे. पुरे करून २. म्हणजे पैशाची कोथिंबीर घेणाऱ्याला ती २८ टक्क्यांनी महाग पडली, भाजीवालीने भाव न वाढवता. रोज एक पैसा असे तीस दिवस घेतले तर जुन्या हिशेबाने साडेसात आणे, म्हणजे ४७ नये पैसे. नव्याने ६०. उलट एक-एक आण्याची खरेदी करणाऱ्याचा थोडा फायदाच.

जो महिन्याची यादी एकदम भरतो त्याला या बदलाची झळ लागली नाही. जो रोजच्या मजुरीतून पैशा-दोन पैशांचं तेल-मीठ आणतो त्याला लागली. विनोद मिलच्या चाळींत त्या वर्षी काय झालं असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. मुंबईत कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली होती, तिचा अहवाल १९२३ मध्ये छापला गेला. निम्म्याहून जास्त कमाई अन्नावर जात होती, हे त्यात दिसतं. अशा घरात एका पैशाचे दोन होणं म्हणजे काय, हे आलेख काढून कळणार नाही.

आजीचं ‘किरकोळ’चं पान या बाबतीत बोलकं आहे. मार्च १९५७ पर्यंत रोजची नोंद: कोथिंबीर, काडेपेटी, आलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून नोंदी चार-चार दिवसांनी. चार पैशांचा एक आणा, आण्याचे सहा. चार वेळा दोन-दोन दिले असते तर आठ. तीन आठवड्यांत तिने नियमाची फट शोधली होती. ती मराठी चौथी शिकलेली होती. (कोथिंबीर भाजीबरोबर फुकट मागायची आपल्याकडची रीत तेव्हा नव्हती की आजीला मागायला संकोच वाटे, हा प्रश्न राहतोच.)

आता माझ्या चुकीकडे येतो. माळ्यावरची अडगळ काढताना बिडाचं एक वजन सापडलं. सवयीने स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं. ९२८ ग्रॅम. प्रमाण शेर ९३३ ग्रॅमचा, पाच ग्रॅम गंजाने आणि झिजेने गेले असावेत. मी ते वजन हातात घेऊन बराच वेळ तसाच उभा राहिलो, कारण तेव्हाच डोक्यात आलं की माझ्या तक्त्यात डिसेंबर १९६० चे दहा आणि जानेवारी १९६१ चे दहा एकच धरलेले आहेत.

किलो शेरापेक्षा ७.१७ टक्क्यांनी मोठा. यादीवर एकक नाही. दुकानात काटा बदलला, दुकानदाराने दहा वाचलं आणि दहा किलो तोलले. तीस शेरांच्या जागी तीस किलो. वजनाने दोन किलो माल जास्त आला आणि रक्कम त्याच प्रमाणात वाढली. मी ज्याला भाववाढ म्हणालो होतो ती ही. लबाडी कुणाचीच नव्हती. आजोबांनी माल घेतला, पैसे दिले, घरी येऊन सांगितलं असेल की महागाई फार झाली. माझ्यासारखंच.

तीन महिने असं चाललं आणि एप्रिलच्या यादीत आकडे बदलले: तांदूळ ९।, तुरीची डाळ ४॥।, साखर ५॥, गूळ १॥।, तेल ४॥।, हरभऱ्याची डाळ १॥।. पोटाला चिमटा म्हणून मी दाखवलेले ते हेच आकडे. आता त्यांची बेरीज करा. पावणेअठ्ठावीस किलो. तीस शेरांचे किलो किती होतात? २७.९९. तीस शेरांच्या मालात पाव किलोचीही चूक नाही, आणि तीही पाव किलोच्या खाली दुकानदार तोलत नसे म्हणून. रक्कम एप्रिलपासून पुन्हा डिसेंबरच्या जागी येऊन बसते.

तिला हे कसं कळलं? वहीत त्याबद्दल एक अक्षर नाही. माझा तर्क असा की कळलं ते डब्यावरून. शिजवायचं माप बदललं नव्हतं. रोज तीच चिपटी, तीच मापटी. मग महिनाअखेर साखरेच्या डब्याचा तळ दिसायला हवा तो दिसेना, तांदळाचा डबा नवा माल यायच्या आधी रिकामा होईना. एक महिना योगायोग म्हणता येईल, दोन महिने पाहुणे कमी आले म्हणता येईल. तिसऱ्या महिन्यात तिने विचारलं असणार की हल्ली दुकानात तोलतात तरी कशाने. आणि जिचा शेर आधीच एकदा बदललेला होता, तिला शब्द आणि माप या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे सांगावं लागलं नसेल. आजोबा गणित शिकवत. यादीतले बदललेले आकडे मात्र आजीच्या अक्षरात आहेत, वही उलटसुलट पाहिली तरी आजोबांची एकही रेघ त्या पानावर नाही.

१९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवायला आणि माल वाटून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या कामाच्या मुळाशी हीच यादी होती: आधी लिहायचं, मग आणायचं. त्या चळवळीचा इतिहास लिहिला गेला, ते योग्यच झालं. पण दर घरात ती यादी आधीपासून कोणीतरी लिहीत होतं, आणि त्या याद्या रद्दीत गेल्या. मंडळाच्या सभासदांनी आपापल्या घरी पाहावं. १९५७ ते १९६२ या काळातली कुठलीही किराणा वही, उधारीचं चोपडं, दुकानाची चिठ्ठी असेल तर आकड्यांसमोर एकक आहे का ते बघा, आणि बैठकीला घेऊन या. निदान मी केली ती चूक दुसऱ्या कुणाच्या टिपणात होऊ नये.

मागच्या टिपणातला दुसरा आलेख मी मागे घेतो. सुधारलेल्या आलेखात माल किलोत धरला आहे. त्यात वाढ दिसते ती फक्त जानेवारी ते मार्च १९६१ ची, बाकी रेघ जवळजवळ सपाट. एक जिन्नस सोडून. चहा रतलाच्या पुड्यात येई, त्याच्या जागी अर्ध्या किलोचा पुडा आला. रतल ४५४ ग्रॅमचा, म्हणजे दर महिन्याला ४६ ग्रॅम जास्त, आणि पाऊण पुडा मागता येत नाही. त्या ओळीत आजीने आधीही १ लिहिला आहे, नंतरही १. हा जास्तीचा चहा गेला कुठे याचं उत्तर घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. टावरच्या घड्याळात पाच वाजले की आजोबांना दुसरा कप लागू लागला तो त्याच सुमारास.