बालकांच्या आपत्कालीन उपचारांतील उपकरणांची आकारनिवड

अत्यवस्थ बालकाच्या शरीराला नेमके बसेल असे साहित्य काही क्षणांत ठरवून उपचार करणाऱ्यांच्या हाती देण्याची परिचर्येतील प्रक्रिया. श्वासासाठीचा मास्क आणि अंबू बॅग, श्वासनलिकेत घालायची ट्यूब, सक्शनची नळी, सलाईनची सुई, रक्तदाबाचा कफ, नाकातून जठरात घालायची राईल्स ट्यूब आणि हृदयाला विद्युत-झटका देणारे पॅड ही यांतील प्रमुख उपकरणे होत. डॉक्टर बाळाच्या उशाशी उभे असताना ट्रॉलीचा खण उघडून योग्य वस्तू काढते ती सिस्टर. त्यामुळे आकाराचा पहिला निर्णय बहुधा परिचारिकेचाच असतो.

गरज : प्रौढांच्या वॉर्डात दोन-तीन आकारांवर काम भागते. बालविभागात मात्र एकाच पाळीत तीन किलोचे तान्हे बाळ आणि चाळीस किलोचा शाळकरी मुलगा पाठोपाठ येऊ शकतात. शिवाय मूल म्हणजे लहान केलेला प्रौढ नव्हे. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे, जीभ जाड आणि श्वासमार्ग अरुंद असतो. चार मिलीमीटर व्यासाच्या श्वासमार्गाला आतून सर्व बाजूंनी एक मिलीमीटर सूज आली, तर व्यास निम्मा होतो आणि संथ प्रवाहातला रोध सोळा पट वाढतो. जाड ट्यूब ढकलली तर हीच सूज येते. ट्यूब बारीक पडली तर बाजूने हवा गळते आणि फुप्फुसात पुरेशी पोहोचत नाही.

मापाचा आधार : वय, वजन आणि लांबी असे तीन आधार वापरले जातात, पण त्यांचे काम सारखे नाही. श्वासमार्गाचा आकार मुलाच्या लांबीशी जवळून निगडित असतो, म्हणून उपकरण लांबीवरून निवडावे. औषधाची मात्रा मात्र वजनावर ठरते. वजनकाट्यावर ठेवण्याइतका वेळ नसेल तेव्हा वयावरून अंदाज करण्याची सूत्रे भारतीय वैद्यकीय शिक्षणात रूढ आहेत. एक ते सहा वर्षांसाठी वयाच्या दुपटीत आठ मिळवतात. म्हणजे चार वर्षांचे मूल 16 किलोचे धरले जाते. तेच मूल कुपोषणामुळे प्रत्यक्षात 12 किलोचे असेल, तर औषध एक-तृतीयांशाने जास्त जाईल. म्हणून वयाचे सूत्र हा शेवटचा आधार मानावा, पहिला नव्हे.

मापपट्टी : अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या जेम्स ब्रोसलो या डॉक्टरांनी 1980 च्या दशकात लांबीवर आधारित रंगीत पट्टी तयार केली; रॉबर्ट लुटेन या बालआपत्कालीन तज्ज्ञांनी तिच्या विकासात साथ दिली. मुलाला उताणे झोपवून पट्टीचे लाल टोक डोक्याच्या माथ्याशी धरतात आणि पाय सरळ करून टाच कोणत्या रंगात येते ते पाहतात. माप टाचेपर्यंत घ्यायचे, बोटांपर्यंत नव्हे. त्या रंगाच्या पट्ट्यात अंदाजे वजन, उपकरणांचे आकार आणि औषधांच्या मात्रा छापलेल्या असतात.

ही पट्टी पाश्चात्त्य मुलांच्या मोजमापांवर बेतलेली आहे. भारतीय मुलांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ती दहा किलोंपेक्षा मोठ्या मुलांचे वजन सरासरी दहा टक्क्यांहून अधिक जास्त दाखवते असे आढळले. म्हणून आपल्याकडे पट्टीवरचा ट्यूबचा आकार घेता येतो, पण तिच्यावरची औषधाची मात्रा मुलाच्या अंगलोटाकडे पाहूनच स्वीकारावी लागते. लांबीबरोबर मुलाचा बांधा पाहणारी दक्षिण आफ्रिकेतील पॉपर पट्टी आणि दंडाची लांबी व घेर मोजणारी मर्सी पद्धत या उणिवेतूनच पुढे आल्या.

उपकरणनिहाय निकष : मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खळीपर्यंत बसावा; तो डोळ्यांवर चढू नये आणि हनुवटीखाली लोंबू नये. दहा किलोच्या मुलाचा एक श्वास साधारण 60 ते 80 मिलीलिटरचा असतो, तर प्रौढांच्या अंबू बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते. म्हणून लहान मुलांसाठी 450 ते 500 मिलीलिटरची बॅग वापरतात. मोठीच बॅग हाती असली, तर छाती जेमतेम उचलली जाईल इतकीच ती दाबावी.

तोंडातून घालायचा एअरवे ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत गालावर धरून मोजतात. तो आखूड पडला तर जीभ मागे ढकलतो, लांब पडला तर स्वरयंत्रावर दाब आणतो. तो बेशुद्ध मुलालाच घालावा. लहान मुलांत तो प्रौढांप्रमाणे उलटा घालून फिरवत नाहीत, कारण टाळू सोलवटतो. जीभ दाबून सरळ सरकवतात.

ट्यूबचा आकार म्हणजे तिचा मिलीमीटरमधील आतला व्यास. दोन वर्षांपुढे वयाला चाराने भागून त्यात साध्या ट्यूबसाठी 4 आणि टोकाशी फुगवता येणारा कफ असलेल्या ट्यूबसाठी 3.5 मिळवतात. चार वर्षांच्या मुलाला या हिशेबाने साधी 5 किंवा कफची 4.5 आकाराची ट्यूब लागते. नवजात बाळात वजन पाहतात : एक किलोखाली 2.5, एक ते दोन किलोंत 3 आणि त्यापुढे 3.5. निवडलेल्या ट्यूबसोबत अर्धा आकार लहान आणि अर्धा आकार मोठी अशा आणखी दोन ट्यूब जवळ ठेवणे हा अनिवार्य नियम आहे. करंगळीच्या जाडीवरून ट्यूब ठरवण्याची जुनी रीत भरवशाची नाही. सक्शनच्या नळीचा फ्रेंच क्रमांक ट्यूबच्या आकाराच्या साधारण दुप्पट असतो. चारच्या ट्यूबमध्ये आठची नळी जाते.

रक्तदाबाच्या कफमधील रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे 40 टक्के आणि लांबी 80 ते 100 टक्के असावी. 15 सेंटिमीटर घेराच्या दंडाला सहा सेंटिमीटर रुंदीची पिशवी लागते. कफ लहान असेल तर दाब खोटाच वाढलेला दिसतो आणि शॉकमध्ये जाणारे बाळ ठीक वाटू शकते. राईल्स ट्यूब नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या हाडाचे खालचे टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत मोजतात.

रंगांचा घोटाळा : मापपट्टीला रंग आहेत, तसेच सलाईनच्या सुयांनाही आंतरराष्ट्रीय मानकानुसार रंग आहेत, पण दोहोंचा परस्परसंबंध नाही. पिवळी सुई म्हणजे 24 गेजची, तान्ह्या बाळांत नेहमी लागणारी; पट्टीवरचा पिवळा पट्टा मात्र 12 ते 14 किलोंच्या मुलाचा. गुलाबी सुई 20 गेजची असते, तर पट्टीवरचा गुलाबी पट्टा सहा-सात किलोंच्या बाळाचा. म्हणून गडबडीत 'पिवळी द्या' असे न म्हणता 'चोवीसची सुई' असे क्रमांकाने मागावे आणि देणाऱ्याने तो क्रमांक मोठ्याने उच्चारून वस्तू द्यावी.

कोल्हापूरचा संदर्भ : कोल्हापुरात भाऊसिंगजी रस्त्यालगतचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून लोकांच्या तोंडी ते 'सीपीआर' आहे. हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे तीच असली, तरी हा केवळ योगायोग. येथे जिल्ह्याबरोबरच कोकण आणि कर्नाटकाच्या सीमाभागातूनही रुग्ण येतात. ऊस गाळपाच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतील ऊसतोड कुटुंबे मुलाबाळांसह या भागातील फडांवर मुक्कामाला असतात. अशा कुटुंबातले मूल अत्यवस्थ होऊन आले, तर जन्मतारखेचा कागद सोबत असतोच असे नाही. वय विचारल्यावर 'मागच्या गळिताला रांगत होता' असे उत्तर येऊ शकते. वर्षे आणि किलो यांची पुस्तकी जोडी तेथे तुटते. मुलाची लांबी मात्र कोणालाही न विचारता मोजता येते. ऊसपट्ट्यातील परिचारिकेला लांबीचे माप म्हणूनच विशेष मोलाचे आहे. रंगीत पट्टी नसेल, तर शिंप्याची साधी टेप आणि भिंतीवर लावलेला लांबीनुसार आकारांचा तक्ता हेही काम निभावतात. दंडाचा घेर मोजण्याची सवय अंगणवाडीमुळे गावोगाव आहे. सहा महिने ते पाच वर्षे वयात हा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर तीव्र कुपोषण समजतात. त्याच मापाने मूल हडकुळे आहे हे लगेच कळते आणि औषध देणाऱ्याला वेळीच सावध करता येते.

पूर्वतयारी : आकारनिवड मूल आल्यावर सुरू होत नाही. ट्रॉलीचे खण लांबीनुसार लावणे, प्रत्येक खणात त्या आकाराचा पूर्ण संच ठेवणे आणि पाळी बदलताना तो मोजून पुढच्या सिस्टरच्या ताब्यात देणे हा आकारनिवडीचा पाया आहे. वापरात आलेला लहान मास्क धुऊन परत आला का, स्वरयंत्र पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, तीन नंबरची ट्यूब शिल्लक आहे का, हे शांत वेळी पाहायचे असते. 2014 पासून राज्यात सुरू असलेल्या 108 रुग्णवाहिका सेवेमुळे मूल पोहोचण्याआधी निरोप मिळू शकतो. अशा वेळी अंदाजाचा आकार आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा काढून ठेवावा.

पडताळणी : सूत्र, पट्टी आणि तक्ता हे सर्व अंदाजच होत. निवड बरोबर ठरली की नाही, हे मुलाच्या शरीरावरच पाहायचे : बॅग दाबताच छाती दोन्ही बाजूंना सारखी उचलते का, हवा गळण्याचा आवाज येतो का, ओठांचा निळेपणा ओसरतो का. तसे होत नसेल तर आधी डोक्याची स्थिती सुधारावी. तान्ह्या बाळाच्या खांद्याखाली टॉवेलची घडी ठेवली की श्वासमार्ग अनेकदा मोकळा होतो. तरीही छाती हलली नाही, तर तक्त्याला धरून न बसता आकार बदलावा. शेजारी काढून ठेवलेला दुसरा मास्क आणि दुसरी ट्यूब त्यासाठीच असतात.