चौल बंदर आणि मराठी वाचकाची अद्भुतकथा : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

वाचनाचे वेड असलेला विद्यार्थी ग्रंथालयात येतो आणि एखादी दीर्घ अद्भुतकथामाला सुचवा, अशी मागणी करतो. अशा वेळी आपल्या ओठांवर प्रथम इंग्रजी नावेच येतात. टॉल्किन यांची तीन खंडांतील ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) किंवा रोलिंग यांची सात भागांची हॅरी पॉटर मालिका (१९९७-२००७) त्याने अवश्य वाचावी. परंतु शिफारस तेथेच थांबली, तर अद्भुतकथा ही परदेशातून आलेली वस्तू आहे, असा त्याचा समज होतो. रायगड किनाऱ्यावरील वाचकाच्या बाबतीत हा समज इतिहासाला धरून नाही. या किनाऱ्यावरील चौल बंदराचे नाव जगातील एका फार जुन्या अद्भुतकथासंग्रहात आलेले आहे. या वारशाचा आणि मराठी मुद्रित वाङ्मयातील त्याच्या पुनरागमनाचा मागोवा घेऊन, आजच्या वाचकाला कोणते ग्रंथ व कोणत्या क्रमाने सुचवावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चौल : कथांचे बंदर

कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले चौल सातवाहनकाळापासून ज्ञात आहे. कान्हेरीच्या शिलालेखांतील ‘चेमुल’, ग्रीक लेखकांचे ‘सेमुल्ला’ आणि अरबांचे ‘सैमूर’ ही याच बंदराची नावे होत, असे अभ्यासक मानतात. अरब प्रवासी अल् मसूदी हा हिजरी सन ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, येथे आला होता. त्या वेळी येथे झंझ नावाच्या राजाचा अंमल होता. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेले आणि येथेच स्थायिक झालेले सुमारे १०,००० मुसलमान या भागात राहत होते, अशी नोंद त्याने केली आहे.

इतक्या दूरदूरच्या बंदरांतील माणसे जेथे एकत्र येतात, तेथे मालाबरोबर गोष्टींचीही देवघेव होते. दहाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेला ‘अजाइब अल्-हिंद’ हा अरबी ग्रंथ त्याची साक्ष देतो. ‘हिंदुस्थानातील नवलाच्या गोष्टी’ असा या नावाचा अर्थ. परंपरेने तो बुजुर्ग इब्न शहरियार या नाखुद्याच्या नावावर सांगितला जातो. अलीकडच्या संशोधनात मात्र त्याच्या कर्तृत्वाविषयी वेगळे मत मांडले गेले आहे. खलाशांच्या तोंडून ऐकलेल्या या गोष्टींत सैमूरचा उल्लेख वारंवार येतो. तेथील मुसलमान वस्तीचा प्रमुख अब्बास इब्न माहान हाही त्यात भेटतो. जहाजाएवढे मासे आहेत, प्रचंड पक्षी आहेत, आणि बेट समजून ज्याच्या पाठीवर विस्तव पेटवला ते कासव निघाल्याची हकीकतही आहे. बंदराचा रोजचा व्यवहार आणि सागरावरील नवल या ग्रंथात एकाच ओळीत नांदतात.

सिंदबादच्या पहिल्या सफरीत बेटाचा मासा होतो, हे वाचकाला येथे आठवल्यावाचून राहणार नाही. सिंदबादची कथा चौलची आहे, असा दावा करता येणार नाही. तथापि ज्या खलाशी परंपरेतून ती घडली, त्या परंपरेच्या वाटेवरील चौल हे एक प्रमुख ठाणे होते, एवढे निश्चित म्हणता येते. पुढे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियन व्यापारी अफनासी निकितिन याच चौल बंदरात उतरला. त्याच्या प्रवासवृत्तातही बाजारभावाच्या नोंदींबरोबर ‘गुकुक’ नावाचा अशुभ पक्षी आणि सैन्य बाळगणारा वानरांचा राजा आढळतो.

१८६१ : अद्भुताचे पुनरागमन

अंत्वान गालाँ या फ्रेंच पंडिताने १७०४ ते १७१७ या काळात ‘सहस्र रजनी’च्या कथा बारा खंडांत प्रसिद्ध केल्या. सिंदबादच्या सफरी मूळच्या स्वतंत्र होत्या; गालाँने त्या या संग्रहात समाविष्ट केल्या. तेथून त्या इंग्रजीत आल्या आणि इंग्रजीच्या द्वारे मराठीत. पुण्याच्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी (१८२४-१८७८) ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ १८६१ पासून भागाभागाने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यांच्या हातून अपुरे राहिलेले कार्य पुढे इतरांनी पूर्ण केले. पश्चिम समुद्रावर जन्मलेल्या कथा अशा रीतीने युरोपची प्रदक्षिणा करून त्याच समुद्राकाठच्या वाचकाच्या हाती आल्या. पुढचा भाग केव्हा निघतो याची वाट पाहण्याचे सुख आणि त्रास मराठी वाचकाला तेव्हापासून ठाऊक आहेत.

याच १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ प्रसिद्ध झाली आणि १८६८ मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. रिसबुडांची प्रस्तावना या संदर्भात महत्त्वाची आहे. आपल्या समाजातील विवाहाच्या रूढी आणि एकंदर जीवनक्रम पाहता त्यात मनोरंजक असे काही घडतच नाही. म्हणून वाचकाचे रंजन करावयाचे तर अद्भुताचाच आश्रय घ्यावा लागतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. अद्भुत म्हणजे निव्वळ पलायन, अशी टीका पुढे झाली. ज्या जीवनापासून पळावयाचे, त्याचे वर्णन मात्र लेखकाने स्वतःच मोकळेपणाने करून ठेवले होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून या वाङ्मयप्रकाराची चिकित्सा केली. १८८५ नंतर हरि नारायण आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनी वास्तवाची प्रतिष्ठा वाढविली. ते इष्टच झाले. परंतु त्याबरोबर अद्भुत हे अपरिपक्व वाचकाचे खाद्य, असा ग्रह बळावला. वाचक मात्र या ग्रहाने बांधला गेला नाही. नाथमाधव, म्हणजेच द्वारकानाथ माधव पितळे (१८८२-१९२८), यांच्या ‘वीरधवल’ (१९१३) या अद्भुतरम्य कादंबरीचे नाव आजही वाचकांच्या स्मरणात आहे.

आजच्या वाचकासाठी क्रम

उपरोक्त इतिहास ध्यानात घेता शिफारस वाचकाची रुची पाहून करावी, असे वाटते.

१) ज्याला सागरी साहसाची ओढ आहे, त्याला प्रथम चिपळूणकरांच्या ‘अरबी गोष्टी’ द्याव्यात. त्यांचे प्रौढ, डौलदार गद्य आजही वाचनीय आहे. त्यानंतर प्रौढ वाचकाने गौरी देशपांडे (१९४२-२००३) यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी ग्रंथावरून सोळा खंडांत केलेला अनुवाद हाती घ्यावा. त्यातील शृंगार व हिंसा पाहता तो शालेय वयासाठी नाही.

२) ज्याला एका कथेच्या पोटात दुसरी कथा असे गुंतागुंतीचे विश्व हवे आहे, त्याने अकराव्या शतकातील सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’कडे वळावे. अठरा लंबकांचा हा ग्रंथ ह. अ. भावे यांच्या अनुवादामुळे मराठीत उपलब्ध झाला. विद्याधरांचे साम्राज्य, वेताळाचे प्रश्न, आकाशयाने आणि लाकडी यंत्रपुतळ्यांनी गजबजलेले नगर हे सारे येथे आहे.

३) राजपुत्र आणि कारस्थाने ज्याला आवडतात, त्याने ‘वीरधवल’ वाचावी. ‘मंजुघोषा’ मात्र संस्कृतप्रचुर वर्णनांमुळे आज जड जाते. ती रंजनापेक्षा इतिहास म्हणून वाचणे बरे.

हॅरी पॉटर मालिकेलाही या क्रमात स्थान आहे. तिच्या पहिल्या भागाच्या मराठी नावात ‘परीस’ हा शब्द आला आहे. लोखंडाचे सोने करणाऱ्या या दगडाची ओळख मराठी माणसाला संतवाङ्मयापासून आहे. त्यामुळे नव्या कथेला जुन्या घरात सहज जागा मिळाली.

समारोप

‘कथासरित्सागरा’च्या आरंभी गुणाढ्याची आख्यायिका आहे. त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा रचून सातवाहन राजाकडे पाठविली. ती पैशाची भाषेत आहे, म्हणून राजाने नाकारली. खिन्न झालेल्या गुणाढ्याने एकेक पान अरण्यातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत अग्नीत टाकले. राजाला आपली चूक उमगून तो धावत आला, तेव्हा एक लक्ष श्लोकच शिल्लक होते. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही, हे सत्य आहे.

ग्रंथालयाच्या कपाटातील ‘अरबी गोष्टीं’चे सुटे भाग कोणी मागत नाही म्हणून बाद होतात, आणि कोणी सुचवीत नाही म्हणून त्यांना मागणी नसते. वाचनवेड्या विद्यार्थ्याला पुस्तक सुचविणे हे वरकरणी किरकोळ काम. परंतु कोणती पाने उरतील, याचा निर्णय पुष्कळदा त्यातूनच होत असतो. चौलच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या वाचकाला सिंदबादचा समुद्र आपल्याच दारचा आहे, एवढे जरी आपण सांगू शकलो, तरी ती शिफारस सार्थकी लागेल.