संत मोनिकाचा मठ
जुन्या गोव्याच्या पवित्र टेकडीवर दोन मठ जवळजवळ आहेत. एक संत ऑगस्टिनचा. दुसरा त्याच्या मातेचा, संत मोनिकाचा. पुत्राच्या मठाचा भग्न मनोरा व अवशेष तेवढे उरले आहेत. मातेची तीनमजली जांभ्या दगडाची वास्तू मात्र जाडजूड टेकूंच्या आधारे उभी आहे.

आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १६०६ साली हा भगिनींचा मठ स्थापिला. बांधकाम १६२७ साली पूर्ण झाले. (बिबिंका प्रथम इथल्याच एका भगिनीने केली, अशी आख्यायिका आहे. खरेखोटे वाचकांनी खाऊन ठरवावे!)

१८३४ साली पोर्तुगाल सरकारने धर्मसंघ बरखास्त केले. पुरुष व्रतस्थांना मठ सोडावे लागले. भगिनींना राहू दिले, पण नव्या मुलींना प्रवेश देण्यास मनाई झाली. मठ बंद करण्याचे काम जणू मृत्यूवर सोपविले गेले! अखेरची भगिनी १८८५ साली निवर्तली.

तिकडे ऑगस्टिनच्या चर्चचे छत १८४२ सालीच कोसळले होते. १९३१ साली मनोऱ्याचाही भाग ढासळला. माणसे गेल्यावर भिंतींचे काय होते, हे वसईच्या किल्ल्यात आपण पाहतोच. मोनिकाचा मठ तगला तो, मला वाटते, त्या वृद्ध भगिनी पन्नास वर्षे तिथे दिवा लावीत राहिल्या म्हणून.

१९६४ साली येथे मातेर देई संस्था सुरू झाली आणि धर्मभगिनी ईशज्ञानाच्या अभ्यासासाठी पुन्हा या मठात आल्या. राशोल येथील ख्रिस्ती कला संग्रहालयही २००२ साली मठाच्या चर्चमध्ये हलविण्यात आले. तेथील हस्तिदंती मूर्ती अवश्य पाहाव्यात. त्यांतील कितीतरी आपल्याच मातीतील कारागिरांच्या हातच्या आहेत.