उपग्रहाधारित विमानावतरण आणि कुलाबा–पनवेल परंपरा

उपग्रहांच्या साहाय्याने विमान अचूक उतरविण्याच्या पद्धतीचा इतिहास सामान्यतः अमेरिकेच्या लष्करी संशोधनापासून सांगण्यात येतो. तो अयथार्थ नव्हे; परंतु भारतापुरता विचार करावयाचा तर त्याचे एक मूळ कुलाब्याच्या वेधशाळेत शोधावे लागते. तेथे १८४१ पासून भूचुंबकत्वाचे वेध घेण्यात येत. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा चुंबकसूचींस बाधा पोहोचणार हे ओळखून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत अलिबाग येथे नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकसमयी नोंदी होत होत्या. या परंपरेतील भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय आज नवीन पनवेल येथे आहे.

चुंबकसूचीचा विमानाशी संबंध काय, असा प्रश्न येथे उद्भवेल. सूचीचे दैनंदिन विचलन मुख्यतः आयनांबरातील विद्युत्प्रवाहांमुळे घडते, आणि उपग्रहाच्या संदेशास विलंब होतो तोही याच थरात. हा विलंब अल्प असला तरी स्थाननिश्चितीत कित्येक मीटरांची चूक उत्पन्न करतो. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेलीच्या आसपास आहे. त्यावरील आयन वर उचलले जाऊन अहमदाबाद–भोपाळच्या पट्ट्यात साचतात. पनवेल या दोहोंच्या मध्ये येते. समशीतोष्ण देशांत रचलेले गणित येथे जसेच्या तसे चालत नाही. म्हणूनच इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांच्या ‘गगन’ प्रणालीसाठी १५ संदर्भकेंद्रांच्या आधारे आयनांबराचे स्वतंत्र प्रतिमान तयार करावे लागले. उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्याची मान्यता तिला एप्रिल २०१५ मध्ये मिळाली. २८ एप्रिल २०२२ रोजी किशनगढ येथे एक प्रवासी विमान तिच्या आधारे उतरविण्यात आले.

लष्करी विमानांची गोष्ट निराळी. विमानवाहू नौकेची धावपट्टी स्वतःच चालती असते, आणि शत्रू संदेशात व्यत्यय आणणार हे गृहीतच धरावे लागते. अमेरिकी नौदलाच्या ‘जेपाल्स’ प्रणालीत नौका व विमान या दोहोंवरील ग्राहकयंत्रांच्या नोंदी ताडून विमानाचे नौकासापेक्ष स्थान काढतात. संदेश कूटबद्ध असतात. लष्करी ग्राहकास दोन कंप्रतांचे संदेश उपलब्ध असल्याने आयनांबरातील विलंब प्रत्यक्ष मोजून वजा करता येतो. यावरून लष्करास आयनांबराचे भय उरले नाही असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो ग्राह्य नाही. विषुववृत्तीय प्रदेशात सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ पोकळ्या निर्माण होतात व संदेशाची तीव्रता झपाट्याने कमीजास्त होऊ लागते. अशा वेळी दोन्ही कंप्रता तुटू शकतात, आणि मग वजाबाकीस काही उरतच नाही. सौरडागांच्या बहराच्या वर्षी, विशेषतः मार्च–एप्रिल व सप्टेंबर–ऑक्टोबरच्या सुमारास, हा उपद्रव भारतात अधिक असतो. पनवेलच्या संस्थेची तिरुनेलवेली येथील प्रयोगशाळा रात्रीच्या या आयनांबराचाच अभ्यास करते.